राजदुर्गाचा उपाध्याय
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



प्रारंभीच एक कबुली देणे मला अवश्य वाटते. आपल्या चिटणीसांनी मला निरोप धाडला तो असा की, "गुरुजी, आपण विलायतेस जाऊन आलात, तेव्हा प्रवासवर्णनपर चार शब्द सांगावे." मी केवळ मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे फळा आणि खडू यांच्या संगतीत घालविलेला मनुष्य. विलायतेचे प्रवासवर्णन थोर लेखकांनी यापूर्वीच करून ठेविले आहे. आणि सांप्रत आपल्यापैकी प्रत्येक तिसऱ्या घरातील मूल परदेशी असल्याने तेथील थंडी, तेथील रेल्वे व तेथील महागाई यांची माहिती मजपेक्षा आपणांसच अधिक आहे. म्हणून मी प्रवासवर्णन न करता तेथे पाहिलेल्या एकाच स्थानाविषयी, आणि त्या स्थानीच्या एकाच अधिकारपदाविषयी बोलणार आहे. ते पद म्हणजे लंडनच्या टॉवर नामक राजदुर्गातील चॅप्लेनचे, म्हणजे दुर्गाच्या उपाध्यायाचे. हा विषय मी का निवडला, हे शेवटी आपोआप ध्यानी येईल. त्यात माझ्या एका चुकीचाही संबंध आहे.

सन २०२३ च्या मे महिन्यात मी मुलीकडे लंडनला होतो. राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक त्याच महिन्याच्या ६ तारखेस झालेला असल्यामुळे दुकानांवरील पताका अद्याप उतरल्या नव्हत्या. आपल्याकडील मनुष्य टॉवर पाहावयास जातो तो प्रायः कोहिनूरसाठी. मीही गेलो. राणीमातेच्या मुकुटात बसविलेला तो हिरा काचेआड आहे, आणि प्रेक्षकांना त्याच्यासमोरून सरकत्या पट्ट्यावर उभे करून पुढे नेण्यात येते. आपल्या देशाची एवढी मोठी वस्तू, आणि तिच्यासमोर आपणांस पायही रोवून उभे राहता येऊ नये! असो. मी फार खट्टू झालो होतो, हे खरे. ते पाहून आमचे जावई म्हणाले, "बाबा, पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा येऊ. येथील चर्चमध्ये उपासनेस येणाऱ्यास तिकीट पडत नाही." तिकीट पडत नाही हे ऐकून मी तत्काळ होकार दिला, हे आपणांपासून कशास लपवू?

टॉवर या नावावरून एखादा उंच मनोरा डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः तो थेम्स नदीच्या काठचा, दुहेरी तटाचा, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आहे. मध्यभागी जो चौकोनी श्वेत बुरूज आहे, तो विल्यम विजेत्याने अकराव्या शतकात उभारावयास घेतला, आणि त्या बांधकामावर देखरेख होती रॉचेस्टरच्या गंडल्फ नावाच्या बिशपाची. म्हणजे किल्ल्याच्या पायापासूनच धर्मसत्ता व राजसत्ता एकाच गवंड्याच्या ओळंब्याखाली आलेल्या दिसतात. त्यातील गंमत अशी की, या किल्ल्यात कैदी म्हणून प्रथम डांबला गेला तोही एक बिशपच. डरहॅमचा रॅनल्फ फ्लॅम्बार्ड हा सन ११०० मध्ये तेथे आला आणि पुढील वर्षी मद्याच्या पिंपातून आत आणविलेल्या दोरावरून उतरून पसार झाला. आग्र्याच्या पेटाऱ्यांची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपणांस ही युक्ती ओळखीची वाटेल.

या दुर्गात दोन प्रार्थनामंदिरे आहेत. एक श्वेत बुरुजात वरच्या मजल्यावर, संत जॉनचे. ते राजाच्या स्वतःच्या उपासनेसाठी. दुसरे खाली, हिरवळीच्या कडेला, संत पीटरचे. ते इतर सर्वांसाठी. हे दुसरे मुळात तटाबाहेरील वस्तीचे साधे चर्च होते. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीने किल्ला वाढविला तेव्हा ते तटाच्या आत आले. त्याचे पूर्ण नाव 'शृंखलाबद्ध संत पीटर' असे आहे. बायबलात कथा आहे की, हेरोद राजाने पीटरास दोन साखळ्यांनी बांधून कारागृहात टाकले असता रात्री देवदूताने येऊन त्या साखळ्या गळवून पाडल्या. पुढे ज्या किल्ल्याची ख्याती कारागृह म्हणून झाली, त्याच्या मंदिरास हेच नाव असावे, हा योगायोग विलक्षण आहे. आजची इमारत मात्र सन १५१२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, म्हणजे आठव्या हेन्रीच्या काळची आहे.

आपल्याकडे किल्ल्यास देवालय असणे ही नित्याची गोष्ट. रायगडावर जगदीश्वर आहे, प्रतापगडावर भवानी आहे. प्रत्येक लहानमोठ्या गडावर पूजेची व दिवाबत्तीची नेमणूक असे, आणि राज्याच्या धर्मखात्यासाठी अष्टप्रधानांत पंडितराव हे पदच होते. परंतु इंग्रजी चॅप्लेन हा आपल्या पुजाऱ्यासारखा देवाचा नोकर नव्हे, तसाच आपल्या घरच्या भटजींसारखा कुळाचाही नव्हे. तो एका जागेचा उपाध्याय असतो. पलटणीस चॅप्लेन असतो, रुग्णालयास असतो, तुरुंगास असतो. त्या जागेत जो कोणी असेल, मग तो कोणत्याही कुळाचा वा दर्जाचा असो, तो त्याचा यजमान. आणि टॉवरसारख्या जागी तर राजा, पहारेकरी व देहान्ताची शिक्षा झालेला बंदिवान हे तिघेही एकाच उपाध्यायाच्या पदरात येत. या पदाचा सर्व कठीणपणा मला येथेच दिसतो.

आजही ती जागा ओस पडलेली नाही. गडद निळ्या-तांबड्या पोशाखातील जे योमन वॉर्डर पर्यटकांना किल्ला दाखवितात, ते केवळ शोभेचे द्वारपाल नव्हेत. किमान बावीस वर्षांची निष्कलंक लष्करी चाकरी झाल्याविना त्या जागी कोणाची वर्णी लागत नाही. हे लोक आपल्या कुटुंबांसह तटाच्या आतच राहतात. सायंकाळी दरवाजे बंद झाले की आत एक लहानसे खेडे उरते, आणि चॅप्लेन हा त्या खेड्याचा उपाध्याय. त्याचेही बिऱ्हाड तेथेच. वॉर्डरांच्या मुलांचे नामकरण, त्यांची लग्ने, त्यांचे अंत्यविधी त्याच मंदिरात होतात. रात्री दहाच्या ठोक्यास किल्ल्याच्या किल्ल्या समारंभपूर्वक आत नेल्या जातात. हा परिपाठ कित्येक शतके चालू आहे. दर तिसऱ्या वर्षी एक मौजेचा विधी असतो. आपल्याकडे जशी शिवेची पूजा, तद्वत् तेथे शिवेच्या खुणांना छड्यांनी बडवितात! पुढे चॅप्लेन, मागे हाती लांब काठ्या घेतलेली मुले. प्रत्येक खुणेपाशी चॅप्लेन शेजाऱ्याची शीव सरकविणाऱ्यास शाप उच्चारतो, आणि मुले त्या दगडावर तुटून पडतात. आमच्या गावातील बांधाच्या खटल्यांत मी दोनदा साक्षीस गेलेलो आहे. अशा शापाची सोय आपल्याकडे असती तर दिवाणी न्यायालयाचे बरेच काम हलके झाले असते, असे मला वाटून गेले.

त्या रविवारी आम्ही त्या मंदिरात बसलो. जागा अगदी लहान; आपले हे कार्यालय त्याहून मोठे आहे. तांबड्या झग्यातील गायकवृंद, शिसवी रंगाची बाके, आणि प्रार्थनेत राजाच्या नावाचा उच्चार. मला इंग्रजी बोललेले तितकेसे कळत नाही, वाचलेले कळते. म्हणून माझी दृष्टी वेदीपुढील संगमरवरी फरशीकडे गेली, कारण तिच्यावर अक्षरे होती. ती अक्षरे म्हणजे तेथे पुरलेल्यांची नावे. बाहेर, दगडफेकीच्या अंतरावर, ज्यांची मस्तके उडविली गेली त्यांची ती नावे.

त्यांतील एक नाव ॲन बोलिन हिचे. आठव्या हेन्रीची ही दुसरी राणी. सन १५३३ मध्ये राज्याभिषेकापूर्वी ती याच किल्ल्यात मोठ्या थाटाने मुक्कामास आली होती, आणि तीनच वर्षांनी व्यभिचार व राजद्रोह यांच्या आरोपाखाली याच किल्ल्यात कैदी म्हणून आली. किल्ल्याचा अधिकारी सर विल्यम किंग्स्टन याची त्या दिवसांतील पत्रे उपलब्ध आहेत. त्यांवरून दिसते की, अखेरच्या रात्री तिचा दानाध्यक्ष पाद्री मध्यरात्रीनंतर दोन वाजल्यापासून तिच्याजवळ बसून होता. आणि प्रसाद ग्रहण करताना तिने किंग्स्टनला मुद्दाम समोर बोलावले, ते अशासाठी की आपण निरपराध असल्याचे देवासमक्ष आपण सांगत आहो, हे त्याने ऐकावे. बंधुभगिनींनो, न्यायालयाने तिचे ऐकले नव्हते. जो ऐकण्यास बांधलेला होता, असा एकच मनुष्य त्या किल्ल्यात तिला उरला होता, आणि तो म्हणजे पाद्री. त्याच्या त्या अधिकाराच्या आडोशाने तिने आपला शब्द तुरुंगाधिकाऱ्याच्या कानी घातला, आणि त्याच्या पत्रामुळे तो आपणांपर्यंत येऊन पोहोचला.

१९ मे १५३६ रोजी तिचा वध झाला. कॅलेहून तलवारबाज मागविला होता, हिरवळीवर मचाण बांधले होते, प्रेक्षकांची व्यवस्था केली होती. सारी तयारी चोख. फक्त शवपेटी सांगावयाचे कोणाच्या ध्यानीच आले नाही! शेवटी शस्त्रागारातील बाण ठेवावयाची एल्म लाकडाची पेटी रिकामी करण्यात आली, तिच्या दासींनी ते कलेवर व ते मस्तक उचलून तीत ठेविले, आणि त्याच दिवशी ती पेटी मंदिराच्या जमिनीखाली गेली. वर दगड नाही, नाव नाही. पुढे तिची भावजय जेन बोलिन आणि हेन्रीची पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड या दोघी १५४२ मध्ये, लेडी जेन ग्रे १५५४ मध्ये, अशाच तेथे नाहीशा झाल्या. टॉमस मोरसारखा विद्वान १५३५ मध्ये, टॉमस क्रॉमवेलसारखा कारभारी १५४० मध्ये. यांपैकी क्रॉमवेलने मोर व ॲन या दोघांच्याही नाशास हातभार लाविला होता, आणि अखेर तो त्यांच्याच शेजारी येऊन निजला.

लेडी जेनविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण तेथे एका उपाध्यायाची परीक्षा झाली. ही सोळा-सतरा वर्षांची विदुषी मुलगी, ग्रीक जाणणारी. वडीलधाऱ्यांच्या राजकारणाने तिला सन १५५३ मध्ये नऊ दिवस राणी केले, आणि त्याच राजकारणाने तिला मृत्युदंडापर्यंत आणून सोडले. विजयी मेरी राणी ही रोमन पंथाची, जेन नव्या प्रॉटेस्टंट पंथाची. मेरीने आपला चॅप्लेन जॉन फेकनम यास तिच्याकडे पाठविले. हा काही टॉवरचा नेमणुकीचा उपाध्याय नव्हे. परंतु टॉवर त्याने आतून पाहिला होता, कारण मागील राजवटीत आपल्या पंथापायी तो स्वतःच तेथे बंदिवान होता. त्याची कामगिरी उघड होती: मुलीचे मतांतर घडवून आणावयाचे. त्याने प्रयत्न केला. वाद झाला, तोही इतरांसमक्ष. मुलगी तसूभर हलली नाही. त्याने रदबदली करून तिच्यासाठी तीन दिवसांची मुदत मिळविली. ती मुदत आपणांस नको होती, असे तिने त्यास स्पष्ट सांगितले.

आता मला सांगा, ज्याची कामगिरी फसली, ज्यास एका पोरीने वादात निरुत्तर केले, तो राजपुरोहित काय करील? तो घरी जाईल. फेकनम गेला नाही. १२ फेब्रुवारी १५५४ रोजी तो तिच्यासोबत मचाणापर्यंत चालत गेला. तेथे उभी राहून तिने त्यास विचारले की, आता स्तोत्र म्हणू का? क्षणभर त्यास शब्द सुचला नाही, असे सांगतात. मग तो "होय" म्हणाला. तिने आपल्या पंथाच्या रीतीप्रमाणे इंग्रजीत ते पश्चात्तापाचे स्तोत्र संपूर्ण म्हटले. त्याने मध्ये अडविले नाही. ज्या भाषेत प्रार्थना करू नये असे त्याचे मत होते, त्या भाषेतील प्रार्थना त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

पुढे चक्र फिरले. एलिझाबेथ गादीवर आली, नवा पंथ पुन्हा राजमान्य झाला, आणि फेकनमने आपले मत सोडले नाही. तो त्या वेळी वेस्टमिन्स्टरच्या मठाचा मठाधिपती होता. १५६० च्या मे महिन्यात तो कैदी होऊन पुन्हा टॉवरमध्ये आला. मृत्यू येईपर्यंत, म्हणजे १५८४ पर्यंत, त्याचे बहुतेक आयुष्य कैदेत वा नजरकैदेत गेले. मध्यंतरी बाथ येथे राहण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा त्याने तेथे औषधी झऱ्यांवर येणाऱ्या गरीब रोग्यांसाठी लहानसा निवारा बांधविला. पंथाभिमान मी समजू शकतो. आपल्या ज्ञातीतही त्याची वाण नाही. परंतु दुसऱ्याचे मत पालटत नाही असे दिसल्यावरही त्याची सोबत न सोडणे, हे मला मोठे वाटते.

हे सर्व जुने झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आता जवळची गोष्ट सांगतो. स्कॉटिश सरदार लॉर्ड लोव्हॅट याचा १७४७ मध्ये टॉवरबाहेरील टेकडीवर शिरच्छेद झाला, आणि त्यानंतर १६७ वर्षे टॉवरच्या एकाही कैद्यास तेथे देहदंड झाला नाही. पहिले महायुद्ध सुरू होताच हा खंड पडला. कार्ल हान्स लोडी नावाचा जर्मन आरमाराचा राखीव अधिकारी अमेरिकन प्रवाशाच्या सोंगाने हेरगिरी करीत असता आयर्लंडमध्ये पकडला गेला. उघड्या लष्करी न्यायालयात त्याची चौकशी झाली. आपणांस कोणी पाठविले, ते नाव त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. त्याच्या वागणुकीत इतका सरळपणा होता की, शत्रूंनाही त्याच्याविषयी आदर वाटला. शेवटच्या रात्री त्याने आपल्यावर पहारा करणाऱ्या पलटणीच्या अधिकाऱ्यास पत्र लिहून, शिपायांनी दाखविलेल्या सौजन्याबद्दल आभार मानले.

६ नोव्हेंबर १९१४ ची पहाट. जॉन फ्रेझर नावाच्या योमन वॉर्डरने प्रत्यक्ष पाहून या प्रसंगाची हकिकत सांगितलेली आहे. लहानशी मिरवणूक निघाली; तीत चॅप्लेन दफनविधीचे मंत्र वाचीत चालला होता. जिवंत मनुष्य शेजारून चालत आहे आणि त्याच्या दफनाचे मंत्र वाचावयाचे! पडवीच्या टोकास आल्यावर उजवीकडे वळावयाचे होते. चॅप्लेन भान हरपल्यासारखा डावीकडे वळू लागला. तेव्हा लोडी झटकन एक पाऊल पुढे झाला, त्याने चॅप्लेनचा दंड धरला, सौम्य हास्य केले, आणि त्यास हळूच उजवीकडे, योग्य मार्गास लाविले. काही मिनिटांतच तो आठ शिपायांच्या बंदुकांसमोर खुर्चीवर बसला.

ही हकिकत मी मुलीच्या घरी एका पुस्तकात वाचली आणि पुस्तक मिटून ठेविले. ज्याने मृत्यूची वाट दाखवावयाची तोच चुकला, आणि ज्याने मरावयाचे त्याने त्यास हात दिला. कोणी म्हणेल, चॅप्लेन दुबळा होता. मला तसे वाटत नाही. ज्याचे पाऊल अशा सकाळी चुकत नाही, त्यास मी माझ्या अंतकाळी बोलावणार नाही. त्या युद्धात टॉवरमध्ये एकूण अकरा हेर मारले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात योसेफ याकोब्स नावाचा एक, १५ ऑगस्ट १९४१ रोजी. तो तेथील शेवटचा. सहा वर्षांनी हीच तारीख आपल्याकडे कशासाठी उजाडणार होती, ते निराळे सांगावयास नको. लोडीला पूर्व लंडनमधील दफनभूमीत पुरले, तेही प्रथम नाव न लावता.

आता पुन्हा त्या फरशीकडे येतो. तीनशेहून अधिक वर्षे त्या मंदिराच्या भुईखाली राण्या, सरदार आणि संत निनावी पडून होते. वर गॅलरी झाल्या, बाके आली, कोणाची तरी नवी थडगी झाली. मेकॉलेने आपल्या इतिहासाच्या १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात या जागेविषयी फार कळवळून लिहिले. आम्हा शिक्षकांस मेकॉले ठाऊक आहे तो १८३५ च्या टिपणामुळे, आणि त्याचे नाव आम्ही फारशा प्रेमाने घेत नाही. तथापि येथे त्यास न्याय दिला पाहिजे. पुढे १८७६ मध्ये जमीन खचल्यामुळे दुरुस्ती निघाली. व्हिक्टोरिया राणीने संमती दिली, पण जे अवशेष सापडतील ते आदराने हाताळले जावेत, या काळजीसह. वेदीपुढील फरशा उचलल्या, अस्थी मिळाल्या, डॉक्टरांनी त्या पाहिल्या. ॲन बोलिनच्या म्हणून ठरविलेल्या अस्थी खरोखर तिच्याच काय, याविषयी इतिहासकारांचे आजही एकमत नाही. कॅथरिन हॉवर्डच्या तर मिळाल्याच नाहीत. चुन्यात विरघळल्या असाव्यात, असे तेव्हा मानले गेले. तरीही १८७७ च्या एप्रिलमध्ये त्या अस्थी पेट्यांत घालून पुन्हा वेदीखाली ठेवण्यात आल्या, आणि वर संगमरवरात नावे कोरली गेली. अस्थी मिळाल्या नाहीत तिचेही नाव कोरले. दरवर्षी १९ मे रोजी कोणीतरी नाव न कळविता ॲनसाठी तांबडे गुलाब पाठवितो. आणि सन २०१४ मध्ये महायुद्धाच्या शताब्दीस त्याच किल्ल्याच्या कोरड्या खंदकात मातीची ८,८८,२४६ तांबडी फुले उभी केली होती, तेव्हा रोज सायंकाळी मृत सैनिकांची काही नावे मोठ्याने वाचली जात.

ती नावे वाचीत मी बाकावर बसलो होतो, आणि माझे चित्त तेथे नव्हते. ते २०२१ च्या एप्रिल महिन्यात होते.

माझे थोरले बंधू अण्णा त्या साथीत गेले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी त्या दोन वर्षांत हेच घडले आहे. मी काही निराळे सांगत नाही. दवाखान्यात कोणास जाऊ दिले नाही. दहनास घरच्या एकाच माणसास परवानगी. ती मला मिळाली. आमचे उपाध्ये ऐंशीच्या घरातले. त्यांनी येऊ नये असे मीच सांगितले, आणि त्यांनी दूरध्वनीवरून जमतील ते मंत्र सांगितले. स्मशानात रांग होती आणि अण्णांच्या वाट्यास एक क्रमांक आला होता. तेथील पालिकेचा एक कामगार, नखशिखान्त पांढऱ्या आवरणात, चेहराही न दिसणारा. त्याने कागद पाहिला, आणि मला म्हणाला, "काका, नंबर राहू द्या. नाव सांगा." मी सांगितले. त्याने पुन्हा विचारले, नीट ऐकू यावे म्हणून. मग त्याने ते नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने उच्चारले आणि दार लाविले. तो कोण, कोणत्या ज्ञातीचा, मला ठाऊक नाही. त्या दिवशी तेथला उपाध्याय तोच होता.

आणि मी काय केले, ते ऐका. त्या वर्षी आपल्या स्मरणिकेच्या संपादन समितीत मी होतो. दिवंगतांची यादी नेहमीपेक्षा कितीतरी मोठी झाली होती. मुद्रकाने पृष्ठांचा हिशेब सांगितला. जाहिराती मिळाल्या नव्हत्या. तेव्हा सूचना माझीच होती की, नावे न छापता 'दिवंगत ज्ञातिबांधवांस विनम्र श्रद्धांजली' अशी एक चौकट द्यावी. सर्वांस सारखेच, कोणाचा रुसवा नको. सूचना एकमताने मंजूर झाली. मला ती शहाणपणाचीही वाटली.

अंक घरोघर गेला. आमच्या वहिनींनी चष्मा लावून तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, मग पुन्हा पाहिला, आणि मला विचारले, "भावजी, यांचं नाव कुठल्या पानावर आहे?" त्यांना ठाऊक होते की, समितीत मी आहे. मी पृष्ठांचा खर्च सांगू लागलो. त्या ऐकत राहिल्या. मग अंक मिटून म्हणाल्या, "बरं," आणि तो देव्हाऱ्याजवळ ठेविला, जणू नाव आतच आहे. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. दोन वर्षांनी सातासमुद्रांपलीकडे, परक्या धर्माच्या मंदिरात, परक्या राण्यांची नावे वाचताना मला ते "बरं" ऐकू आले.

कार्यकारी मंडळाने माझी विनंती कृपापूर्वक मान्य केली आहे, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. यंदाच्या स्मरणिकेत २०२० व २०२१ या दोन वर्षांत निवर्तलेल्या आपल्या सर्व ज्ञातिबांधवांची व भगिनींची नावे, पित्याच्या वा पतीच्या नावासह आणि गावासह, स्वतंत्र पानांवर छापावयाची आहेत. त्या पानांवर जाहिरात राहणार नाही. जुन्या नोंदवहीत काही नावे आहेत, पण ती अपुरी आहेत. काही घरांची तर वार्ताच आपणांपर्यंत आलेली नाही. कोणाचे नाव माहीत असून घरचे आज येथे आलेले नसतील, तरी ते द्यावे. मी स्वतः त्या घरी जाऊन खात्री करून घेईन. जी कुटुंबे वर्गणीच्या थकबाकीत आहेत त्यांनी संकोच धरू नये. या पानांचा वर्गणीशी काहीएक संबंध नाही.

त्यासाठी दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेविली आहे. पहिल्या पानावर अण्णांचे नाव मी लिहिले आहे, ते केवळ नमुना म्हणून. वहीस पेन दोऱ्याने बांधलेले आहे. ज्यांना लिहिणे कठीण जाते त्यांच्यासाठी मी भोजन संपेपर्यंत तेथेच बसून आहे. नाव सांगावे, मी लिहून घेईन, आणि लिहिल्यावर एकदा मोठ्याने वाचून दाखवीन.